रितिकाचा उजवा हात

(बॉक्सिंग हॉलमधली कोचची खोली. दुपारचे साडेचार.)

वंदना : नाव पाठवू नका, भैयाजी. आधी मले सांगा, माह्या दोघी पोरी रिंगमधी समोरासमोर आल्या असत्या तं कोण जिंकलं असतं?

भैयाजी : ताई, हे विचाराले हिंगण्याहून हाफ-डे टाकून आल्या? मयुरा. पॉइंटवर.

वंदना : रितिकाच्या ठोशाले तं तुम्ही हातोडा म्हणता.

भैयाजी : हाय ना हातोडा. पण मारन कोणाले? मयुरा समोर उभीच राहत नाही. दोन जॅब देते अन् बाजूले सरकते. लहानी तीन राउंड हवेतच हात फिरवत राहीन.

वंदना : अन् एखादा बसला तं?

भैयाजी : बसत नाही. तीन महिने झाले, दोघी रोज प्रॅक्टिस करून राहिल्या. रितिकाचा उजवा मयुराले एकदाही लागला नाही. मी ट्रायल लावतच होतो, पोरीच म्हणे, आम्ही बहिणी भिडणार नाही, भैयाजी म्हणन ते नाव. आता स्टेटले या वजनात एकच नाव जाते. मयुराचं या वयोगटातलं शेवटचं वर्ष हाय. पाच वाजता पाठवतो.

वंदना : रितिकाचं पाठवा.

भैयाजी : काहून? आई होऊन मोठीवर अन्याय कराले सांगता?

वंदना : लागला नाही म्हणता ना? रितिकानं तो मारलाच नाही, भैयाजी. मयुराले डाव्या डोळ्यानं दिसत नाही.

भैयाजी : काय बोलून राहिल्या?

वंदना : डॉक्टर म्हणते, डावा गेला. उजव्याचाही पडदा कमजोर झाला. आता डोक्यावर मार बसला तं तोही जाईन. मले शपथ घातली तिनं. तुम्हाले सांगितलं तं घर सोडीन म्हणते.

भैयाजी : मी रोज रिंगच्या बाजूले उभा राहून वा वा करत होतो, ताई. मले कळलंच नाही.

वंदना : पाया पडते तुमच्या. डोळ्याचा विषय काढू नका. फक्त म्हणा, रितिका जिंकली असती.

भैयाजी : खोटं हाय ते. डोळे चांगले असते तं मयुराच.

वंदना : मले नाही का माहीत?

भैयाजी : आठ वर्षाची होती, तवा मी तिले रिंगमधी पाय टाकाले शिकवलं. आता तिच्या तोंडावर म्हणू, तू हरली असती?

वंदना : म्हणा. जन्मभर बोलणार नाही तुमच्याशी, तरी म्हणा.

भैयाजी : नाही बोलली तं नाही. रस्त्यात मले पाहून तोंड फिरवीन. दिसीन तं खरा मी तिले.