चंदाला निरोप देण्याआधी

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या गणिताच्या अनिता टीचर, व्यासपीठावरचे पाहुणे, जिच्या निरोपासाठी आपण शहापुरात जमलो ती आपली चंदा, तिचा मुलगा हरेश, आणि विमानं बदलत बदलत इथवर पोचलेल्या माझ्या शाळासोबतिणींनो,

मी मुरबाडची, आता कॅनडातली म्हणायची. दर हिवाळ्यात आपण परदेशातल्या मुली इथे येतो आणि चंदाकडे जेवतो. मुली म्हटलं म्हणून हसू नका, टीचर अजून तसंच म्हणतात. आपल्यापैकी कितीजणींचं माहेर उरलंय? आईवडील गेले, भावाच्या घरी आपण पाहुण्या. तरी "गावाला जाते" असं तिकडे आपण कोणाच्या भरवशावर सांगतो? आता चंदाच हरेशकडे ऑस्ट्रेलियाला कायमची निघाली आहे. घराचा व्यवहार पुढच्या आठवड्यात व्हायचाय.

निरोपाचं भाषण मी लिहून आणलं होतं. पण आज सकाळी तिच्या स्वयंपाकघरात जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कॉन्व्हेंटच्या जेवणघरातला नियम आठवतो ना? ताटात येईल ते खायचं, त्याबद्दल बरंवाईट बोलायचं नाही. तो आपण इतका पाळला, की चंदाकडचं फिकं वालाचं बिरडं इतकी वर्षं मुकाट्याने खाल्लं. आज मात्र आपली दामिनी चोरून हिरवी मिरची चावताना सापडली.

"मेले, तुला तिखट चालतं?" चंदाने विचारलं.

"न चालायला काय झालं? तिखट तुला बंद केलंय ना डॉक्टरांनी?"

"मला कोण बंद करतो? तुमची पोटं नाजूक झाली तिकडे, म्हणून मी मिरची घालीत नाय."

ओट्याला धरून हसलो आम्ही. हसू ओसरल्यावर मी सहज विचारलं, जायची तयारी झाली का. चंदा खाली मान घालून वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "हरेशने विचारलं, आई, चालेल ना? मी चालेल म्हटलं. तुला जायचंय का, ते कोणी विचारलंच नाय गो."

मग हे सगळ्यांसमोर सांग, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तूच विषय काढ. मी आपणहून बोलायला गेले, तर परत चालेलच म्हणेन."

म्हणून मी विषय काढलाय. हरेश, बाळा, यात तुला बोल लावत नाही. आईने एकटीने राहू नये असं वाटणारा मुलगा मिळायला भाग्य लागतं. आम्ही तरी काय केलं? अभिनंदन केलं, शाल आणली. विचारलं कोणीच नाही. ती राहिली तर आमची सोय होईल, हेही खरं. पण आज आमची सोय बाजूला राहू दे. चंदा जाते म्हणाली, तर ही शाल तिच्या खांद्यावर घालूनच तिला पोचवायला जाऊ. राहते म्हणाली, तरी शाल तिचीच. थंडी इथेही पडते.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आज पहाटेपासून राबणाऱ्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. समारंभाची मर्यादा माझ्याकडून ओलांडली गेली असेल, तर टीचरांनी कान धरावा, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

हरेश, जरा पुढे येऊन बस.

चंदा, हा माईक घे. तुला जायचंय का गं? सावकाश सांग. आम्हाला कोणालाच घाई नाही.