चोरखिशांचं जाकीट

न्हाई, जाकीट चांगलं हाय! जाकिटाला मी कुठं नावं ठेवतोय? कापड चांगलं, शिलाई चांगली, रंग तर असा की जल्मात मळायचा न्हाई... तक्रार न्हाई माझी. पण तुम्हाला सांगतो, शिरूर ते दौंड, एस.टी.नं जायचं, जेवून निघालं तर दुसऱ्यांदा भूक लागायच्या आत माणूस पोचतंय, आन् तेवढ्यासाठी ह्या उन्हात मला जाकीट? आमच्या पॉलनं धाडलं. पॉल म्हंजी थोरलं पोरगं, सणसवाडीला कंपनीत असतंय. गुणाचं हाय. येत न्हाई, पण धाडतंय. आधी बी.पी.चं मशीन धाडलं, मग नाताळाला पाय चोळायचं मशीन धाडलं, आता हे!

आन् वर फोन. "पप्पा, ट्रॅव्हल जाकीट हाय ते, चोराचा हात जाऊच शकत न्हाई. छातीवर दिसतोय का, तो पासपोर्टचा खिसा." पासपोर्ट! आरं, मला चौफुल्यावरनं जायचंय का लंडनवरनं? "पप्पा, आतल्या खिशात बँकेचं कार्ड ठेवलं ना, तर लांबनं मशीन लावून बी कुणाला चोरता येत न्हाई." म्हणलं, बाबा, जवळ येऊन कुणी बसंना माझ्या, लांबनं मशीन कोण लावतंय? खिशात खिसा, त्याच्या आत परत खिसा, चेन उघडली की आत दुसरी चेन... किती खिसे म्हणून काय विचारता, मी मोजायचं सोडून दिलं. पण जाकीट चांगलं हाय. तक्रार न्हाई माझी.

तर जायचं कशाला? धाकटी लेक ग्रेस दौंडला दिली, जावई रेल्वेत. तिच्या स्वीटीचा साखरपुडा. आन् आमची मंडळी, राहेल, जाताना सांगून गेलेली की माझी क्रूसाची साखळी स्वीटीच्या गळ्यात घाला. पॉल म्हणत होता, मी गाडीवर नेऊन देतो. मी म्हणलं, न्हाई, मी नेणार! का? आता तुमच्यापाशी काय लपवायचं... मला साखळीचं काय न्हाई हो. बाप दारात आला की लेक म्हणतीच ना, "पप्पा, आला तसं चार दिस रहा"? तेवढंच ऐकायचं होतं. त्या जाकिटाला पाठीमागं एक मोठा खिसा हाय, बाहेरनं दिसतच न्हाई. त्यात मी टावेल, बंडी आन् दाढीचं सामान घडी करून बसवलं. हातात पिशवी दिसली की माणसं घाबरतात, म्हातारं राहायला आलं म्हणून. त्या एका खिशाला मात्र मी मनापासनं मानलं.

पण साखळीसाठी चेनीवर भरवसा बसंना. आमच्यात कसं होतं, मी गावाला निघालो की राहेल बंडीच्या आतल्या खिशात जोखमीची वस्तू ठेवायची आन् अंगावरच टाके घालून खिसा बंद करायची. अंगावर टाका घालायचा तर तोंडात काडी धरावी लागती, न्हाईतर येड लागतं. पाळकसाहेबांना सांगू नका, ते रागावतील, पण ती मला काडी धरायला लावायचीच. "बोलू नका हं," म्हणायची. मी कवा बोलतोय? परत आलो की टाका दातानं तोडायची, आन् तवा तिचं डोकं हितं... असं छातीवर टेकायचं. झालं. तेवढ्यासाठी मी गावाला जायचो म्हणा की!

तर ह्या खेपेला मीच दात-कोरणी तोंडात धरली आन् घातले टाके. सुईत दोरा ओवायलाच निम्मी सकाळ गेली. साखळी ठेवली, शेजारी आधारकार्ड ठेवलं, तेबी जोखमीचंच की! चेन लावली, वरनं टाके. आन् गाडीत बसल्यावर ध्यानात आलं, जाकीट मी सदऱ्यासकट शिवलंय. निघंना! घाम नुसता पाठीवरनं टावेलात. मग कंडक्टरीणबाई आल्या. "आबा, कार्ड दाखवा." मी छाती चाचपली. "आबा, पंच्याहत्तरच्या पुढं फुकट हाय, पण कार्ड दाखवावं लागतंय." म्हणलं, बाई, कार्ड हाय, पण शिवलंय. "शिवलंय? कार्ड कोण शिवतं?" म्हणलं, तोंड बघा की माझं, पंच्याहत्तर दिसत न्हाईत का? "दिसतात हो, नव्वद दिसतात, पण तोंडाचा नंबर मशीनमधी टाकू का?"

सगळी गाडी हसली. शेजारी न्हावऱ्याला चढलेल्या एक बाई होत्या, शेवंतीची पाटी मांडीवर, भागुबाई, कासुर्डीच्या. त्या म्हणल्या, "सरका वो कंडक्टरीणबाई, मी उसवती. आबा, हलू नका." आन् तुम्हाला सांगतो, माझं काय ऐकून घ्यायच्या आत त्यांनी जाकीट धरलं आन् दातानं टाका तोडला की! भर गाडीत! मागनं कोणतरी खाकरलं. भागुबाई म्हणल्या, "खोकू नका, म्हातारं हाय ते, सासरा लागतोय माझा." सासरा! सोयरीक जुळवून टाकली बाईनं, टाका तोडंस्तवर.

कार्ड निघालं, साखळी बी निघाली. "कुणाची?" म्हणलं, मंडळीची. "कुठं असतात?" मी वर बोट दाखवलं. त्यांनी पाटीतनं हाराची सुई काढली, दोरा तयारच, साखळी आत ठेवली, आन् परत शिवताना शेवंतीची एक पाकळी माझ्या तोंडात दिली. "धरा. बोलू नका." ...चौफुल्याला उतरून गेल्या. ती पाकळी मी दौंडपातूर तोंडातच ठेवली. कडू लागती, तुम्हाला म्हणून सांगतो.

दौंडला पोचलो तर घरात पाय ठेवायला जागा न्हाई. पाहुणेच पाहुणे. ग्रेस पळत आली, मला वाटलं आता हिला सांगावं, दातानं तोड गं, पण ती म्हणली, "अय्या पप्पा, हे काय! चेन हाय की याला, वर दोरा कशाला? नवं जाकीट खराब केलं!" आन् कात्री. कच्! झालं. साखळी घेतली, गेली. प्रार्थना झाली, स्वीटीच्या गळ्यात साखळी पडली आन् पोरगी अशी दिसली, अशी दिसली... हुबेहूब. डोळ्याला रुमाल लावावा म्हणलं, तर रुमाल कुठल्या खिशात? ही चेन उघड, ती उघड, चष्मा निघाला, गोळ्या निघाल्या, रुमाल निघंस्तवर डोळे आपले आपणच वाळले. पण जाकीट चांगलं हाय. तक्रार न्हाई माझी.

जेवणं झाली. मी आपला कोपऱ्यात खुर्चीवर. आता म्हणंल, मग म्हणंल... ग्रेस आली, पाठीवर हात ठेवला. "पप्पा, पाठीला काय वो, मऊ मऊ लागतंय?" टावेल म्हणावं का? बंडी म्हणावं का? मी म्हणलं, "फॅशन हाय, पोरी." ती हसली. म्हणली, "पप्पा, शेवटची गाडी साडेचारला असती ना? आज घरात झोपायला सुद्धा जागा न्हाई बघा, तुमचे हाल होतील." लेकीचं काय चुकलं? काय न्हाई चुकलं. मी म्हणलं, "व्हय, साडेचारलाच हाय. मला बी घरी कामं हायती." कामं! कोंबडं सुद्धा न्हाई दारात.

बसलो परतीच्या गाडीत. गाडी मोकळी. केडगावला एक जण चढला, टोपी डोळ्यावर ओढलेला, आन् एवढ्या रिकाम्या गाडीत माझ्याच शेजारी येऊन बसला. सारखा जाकिटाकडं बघतोय. मला कळलं, हाच तो चोर, पॉल ज्याच्याबद्दल बोलतो तो! म्हणलं चला, कुणीतरी आलं. मी काय केलं, हळूच छातीवरची चेन उघडली, डोळे मिटले आन् झोपेचं सोंग घेतलं. घोरलो सुद्धा थोडा, त्याला धीर यावा म्हणून. आत होतं काय? एक बारकी बडीशेपेची पुडी. न्हावरं गेलं, रस्त्याला खड्डं आलं, गचके बसले... हात काय येईना. शिरूर आलं. मग खांद्यावर दोन बोटं टेकवून मला जागं केलं त्यानं.

"आबा, खिसा उघडा राहिलाय तुमचा. चेन लावा, कुणीतरी हात घालंल."

आता काय सांगायचं त्याला? म्हणलं, "कवापासनं वाट बघतोय रं बाबा..." आन् लावून घेतली चेन.