काळ्या मेंढीची गाठ

तर मुंबईत सोनोग्राफी नुकतीच आली होती, त्या काळी सोलापुरातल्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसम्मा नंबराची वाट बघत बसलेली, आणि शेजारी हरिबा-केराबाई हे धनगर जोडपं असं भांडत होतं, की बसम्मानं कान झाकावेत तरी किती!

“डाक्टर काय म्हणला, सांगा की.”

“तुज्या छातीतल्या गाठीत पाणी हाय का घट्ट हाय, ते मुंबईचं नवं मशीन आवाजावर दावतं. नुसतं पाणी निघालं तर कापायचंच न्हाय.”

“मग मुंबईला न्या.”

“आन् मेंढरं कोण बघणार?”

“हितं काय करत्यात?”

“तुकडा काढून तपासत्यात.”

“काढू द्या की.”

“गप! सुरी लागली की गाठ पसरती. मशीन येऊ दे सोलापुरात, मग बघू.”

“काळ्या मेंढीच्या कासंला गाठ आली, तवा त्याच सांजंला डाक्टर आणलासा. सुरी लावताना पाय तुमीच धरलंसा.”

“ती दुभती व्हती, केरे.”

तेवढ्यात नर्सबाई आल्या.

“केराबाई कोण? तुकडा काढायला नवऱ्याचा अंगठा पाहिजे.”

केराबाई ताडकन उठली. “माझाच घ्या.”

“तुमचा चालत नाही, बाई.”

हरिबानं दोन्ही हात घोंगड्याखाली घेतले.