कोपऱ्यातला हुळा

(जवळा बाजारच्या शिवारात जळबाचा हरभरा. परभणीला शेतीचं शिकणारी त्याची मुलगी पल्लवी आजच गावी आली आहे.)

पल्लवी: बाबा, या कोपऱ्यात हिरवी झाडं होती ना?

जळबा: व्हती की. मर रोगानं समदा तुकडा वाळला अन् तेवढी उभी, घाट्यांनी लगडलेली. फोनवर सांगितलं व्हतं तुला.

पल्लवी: म्हणून तर खुणा बांधायला आले. इथं नुसती भोकं आहेत. जनावर शिरलं का?

जळबा: जनावर मुळासकट उपटत न्हाई. तुझी आई येऊन राहिली बघ भाकर घेऊन, तिला इचार.

पद्माबाई: काहून बसलीस गं मातीत? ऊठ, खाऊन घे आधी.

पल्लवी: आई, इथली झाडं कुणी उपटली?

पद्माबाई: म्याच. वाळलेली हायत की तुझी तशीच, त्यांना हात न्हाई लावला.

जळबा: अगं पद्मा...

पद्माबाई: काय अगं? पाच वर्सं झाली, तुमी बापलेकी चांगलं बी आणून या मरक्या तुकड्यात पेरता. मर लागली तरी औषध न्हाई. इचारलं तर म्हणं, मरू दे, मरायलाच पेरलंय. बघवतं का ते माणसाला?

पल्लवी: जे मरत नाही ते शोधायला पेरलं होतं, आई. गावरान अन् टपोऱ्या हरभऱ्याचा संकर केला. झाड न् झाड वेगळं निघालं. जे तगायचं त्याचा दाणा बारीक, टपोरं असायचं ते मरायचं. दोन्ही गुण असलेली झाडं यंदा पहिल्यांदा निघाली. तीच ही.

पद्माबाई: हे मला कुणी सांगितलं?

जळबा: मला वाटलं, पोरीनं सांगितलं असंल.

पल्लवी: मला वाटलं, तुम्ही.

पद्माबाई: म्हंजे कुणीच न्हाई.

जळबा: तुझ्याकडं पिशवीत बी उरलंय ना, पोरी?

पल्लवी: ते मागच्या पिढीचं, सगळं मिसळ. त्यातलं जगणारं कुठलं, ते पुन्हा पेरून, मारूनच कळणार. अन् कॉलेजातलं हे काम यंदा बंद होतंय, बाबा.

जळबा: शेजारचा उत्तमराव रोज इचारतो, मर न लागणारं बी कधी देता. औंदा देतो म्हणून बसलो म्या. अर्ध्या गावानं हरभरा सोडून दिला.

पल्लवी: आई, घाटे कुठं आहेत? एखादा तरी कच्चा राहिला असेल.

पद्माबाई: कुठला राहतोय, बाई. धसकटं पेटवून समदे घाटे भाजले, हुळा केला.

पल्लवी: कुणासाठी?

पद्माबाई: तुझ्यासाठीच की. यष्टीत डबा धाडला न्हाई का? वाटलं, ही बी मरायच्या आत लेकराच्या तोंडी लागू दे.

पल्लवी: तो हुळा... मला वाटलं, बाजारातून आणलास.

जळबा: पण समदीच काहून उपटायची, पद्मा? दोन-चार तरी ठेवायची.

पद्माबाई: ठेवली व्हती की. निम्मी तशीच व्हती उभी. दुसऱ्या दिवशी हिचाच फोन आला. म्हणली, आई, असा गोड हुळा कधी खाल्ला न्हाई, मैत्रिणींनी संपवला, असला तर अजून धाड.