तीन नंबरचा कप्पा

दातांच्या दवाखान्यात मी माझ्या नंबराची वाट बघत बसलो होतो. दारातून गाल धरलेले एक गृहस्थ आले. टेबलामागच्या ताईंसमोर चिठ्ठ्यांचे दहा कप्पे होते, शून्य ते नऊ.

"ताई, माझं नाव घ्या हो. दाढ ठणकतेय."

"मोबाइलचा शेवटचा आकडा?"

"तीन."

"तीनच्या कप्प्यात चिठ्ठी आहे. म्हणजे तुमचं नाव आधीच आलंय. एकच माणूस आम्ही दोनदा घेत नाही."

"अहो, मी आत्ता पायरी चढलोय! चिठ्ठीवरचं नाव तरी वाचा."

"नावं वाचत बसायचं, तर कप्पे कशाला केले? अख्खा रविवार घालवलाय मी यात."

"दुसऱ्या कुणाचा आकडा तीन असेल की!"

"असं कसं होईल? आकडे दहा, कप्पेही दहा."

"पाया पडतो, एकदा वाचा."

"बरं. आजीबाई, वय एक्याऐंशी."

"मी आजीबाई दिसतो?"

"दिसण्यावर काय आहे? आकडा जुळतोय ना? चला आत, तुमचाच नंबर आहे. कवळी तयार आहे."

"अहो, पण माझे सगळे दात शाबूत आहेत!"

"त्याची काळजी नको. ते डॉक्टर काढतील."