बाहेरचा आवाज

नाही नाही, हा नको, हा सोफ्याचा फोम झाला — मला बसायला नकोय शेठ, भिंतीला लावायला पाहिजे. भिंतीला. मघापासून तेच सांगतोय. ओरडत नाहीये हो मी, माझा आवाजच तसा आहे — सातपूरला कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये जन्म गेला, तिथं शेजारच्या माणसाकडे पाणी मागायचं तरी बोंब मारावी लागायची. आता काम सुटलं, पण आवाज काही खाली येत नाही. ते जाऊ द्या. खोली लहानच आहे, सिडकोतलं घर आमचं, त्यातली मागची खोली, तिथं आमची मिसेस, छाया, रेकॉर्डिंग करते. गाणं नाही हो. सगळे तेच विचारतात, वहिनी गातात का — गात नाही, वाचते. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचते, अभ्यासाची, कॅसेटवर. संस्था आहे ना त्यांची, तिथं नेऊन देते, मग मुलं कॅसेट लावून अभ्यास करतात. एक पैसा घेत नाही त्याचा. म्हणून म्हणतोय, परवडेल असं काहीतरी दाखवा. गंगापूर रोडला एक स्टुडिओ आहे, तिथंही जाऊन आलो — त्यानं भिंतीला तो टोकाटोकांचा काळा फोम लावलाय, मुंबईहून मागवलेला. भाव ऐकला आणि चपला घालून बाहेर आलो. अहो, खोलीपेक्षा भिंतीचे कपडे महाग, असं कुठं असतं का?

आणि बाकीचं सगळं करून झालंय. तुम्ही म्हणाल ते करून झालंय. आधी अंड्यांचे ट्रे. सगळं जग सांगतं ना, ट्रे लावा, आवाज येत नाही. झालं, मी रोज संध्याकाळी भुर्जीच्या गाड्यांवर ट्रे मागत फिरतोय, लोकांना वाटलं याची नोकरी गेली तर यानं रद्दीचा धंदा काढला. खोलीभर लावले, छतालासुद्धा, स्वतःच्या हातानं. दिसायला अगदी रेडिओ स्टेशन. आणि मग झुरळं! छाया वाचता वाचता किंचाळली, ती किंकाळी तशीच गेली इतिहासाच्या धड्यात, मुलांना वाटलं लढाईतलीच आहे. काढले ट्रे. मग साडूकडून विंचूरहून बारदान आणलं, कांद्याचं, टेम्पोत टाकून — खिळे मारून भिंतीला लावलं. त्याची फोलपटं उडायची, ही शिंकायची. वाक्य, शिंक, वाक्य, शिंक. तेही काढलं. मग थर्माकोल, मग खिडकीला गोधड्या. गोधड्या लावल्या तर वारा बंद, आणि पंखा लावता येत नाही, पंख्याची घरघर येते म्हणून. मे महिन्यात ती बाई गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून भूगोल वाचत होती. मी म्हटलं सोड, कशाला जिवाला त्रास, कोण देणारे तुला बक्षीस? तर म्हणाली, साक्षीची बारावी आहे.

साक्षी म्हणजे त्या संस्थेतली मुलगी, सुरगाण्याकडची. तिला डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. गेल्या वर्षी संस्थेच्या कार्यक्रमाला गेलो होतो आम्ही, छाया नुसतं माझ्याशी बोलली — 'अहो, पाणी आणता का' — एवढंच, तर चार खुर्च्या सोडून बसलेली ही पोरगी उठली आणि म्हणाली, छायाबाई? तुम्ही छायाबाई ना? आणि मग सगळी पोरं गोळा झाली, कुणी हात धरतंय, कुणी पदर धरतंय. ही रडायला लागली. मी बाजूला पाण्याचा ग्लास घेऊन उभा. मला कोण ओळखणार? मी कुठल्या कॅसेटवर आहे? … चांगलं वाटलं हो, वाटणारच ना. बायकोचं कौतुक झालं तर काय वाईट वाटणार आहे का मला? तुम्ही पण काय विचारता.

तर डोक्याला ताप असा, की कॅसेट परत येते. एकदा आली, दुसऱ्यांदा आली. संस्थेतल्या सुवर्णा मॅडम, स्वभावानं चांगल्या आहेत, पण आता त्यांनीही हात टेकले. म्हणाल्या, छायाताई, मागून आवाज येतो, पोरं कानाला हेडफोन लावून ऐकतात, दचकतात. कॉलेज रोडच्या एक बाई तयार आहेत म्हणे, त्यांचा बंगला आहे, शांतता आहे. यावेळची कॅसेटसुद्धा अशीच झाली तर बारावीची पुस्तकं त्यांच्याकडे द्यावी लागतील. छाया घरी आली. भाकरी केल्या, जेवली नाही. तुम्हाला सांगतो शेठ, मी कंपनीतून व्हीआरएस घेऊन आलो ना, त्या दिवशीही ही जेवली होती. मला समजावत समजावत जेवली होती. आणि आता एका पुस्तकासाठी हिच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हाच मी ठरवलं, या खोलीत मुंगीचासुद्धा आवाज येता कामा नये.

काय म्हणता? फोमनं बाहेरचा आवाज थांबत नाही? … मग विकता कशाला? … हां, घुमणं कमी होतं. खोलीतलं घुमणं. घुमत नाहीच तिथं काही, कपाटं, गाद्या, सगळं भरलेलं आहे, घुमायला जागा कुठाय? … जाड लावला तर थोडा फरक पडेल म्हणता. थोडा म्हणजे किती? दोन थर लावले तर? आणि वरून प्लायवूड? … नाही, एवढ्या भावाचं प्लायवूड राहू द्या, प्लायवूडचं नाव काढू नका. ग्लासवूल स्वस्त पडतं म्हणे, पण ते अंगाला खाजतं, ती वाचेल की खाजवेल? दोन इंची दाखवा बघू. हा ठिपक्यांचा कसला? … तुकड्यांचा दाबून केलेला? हा बरा वाटतोय हाताला, जड आहे. याला फोम म्हणायचं की भेळ म्हणायची? सगळे रंग आहेत याच्यात. चालेल, अंध पोरांना कुठं दिसणार आहे — असं बोलू नये. छायानं ऐकलं तर रागवेल.

आता कसला आवाज म्हणजे काय, बाहेरचा आवाज. सिडकोतलं घर आहे हो, भिंतीला भिंत. अलीकडे भिमाबाईंचा कुकर, पलीकडे कायम कुणाचं तरी फरशीचं काम चालूच. गल्लीत पोरांचं क्रिकेट. दुपारी बारकू येतो मखमलाबादहून भाजी घेऊन, मेथी-पालक, मेथी-पालक, मेलेला माणूस उठेल. मी काही बंदोबस्त करत नाही असं समजू नका. रोज करतो. जेवणं झाली की ती खोलीत जाते, आतून कडी लावते, आणि मग मी काय करू? घरात दोनच माणसं, त्यातलं एक आत. टीव्ही लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. मी गेटपाशी खुर्ची टाकून बसतो. ती बाहेर येईपर्यंत हलत नाही, तहान लागली तरी हलत नाही. गल्लीत पाखरू फिरकू देत नाही मी. पोरं आली की हाकलली. स्कूटर आली की, बंद कर, ढकलत ने. भिमाबाईंना मी भिंतीवरून सांगतो, कुकर मंद ठेवा, रेकॉर्डिंग चालू आहे. एकदा तर कंपनीची बस थांबवली, माझ्याच कंपनीची, ड्रायव्हर ओळखीचा. म्हणाला, साहेब, तुम्ही अजून ड्युटीवरच का? हसले आतले सगळे. हसू देत. ड्युटी म्हणा, काही म्हणा. माणसाला काहीतरी लागतं ना हो करायला. नाहीतर घड्याळ सरकत नाही दुपारचं.

आणि एवढं करून कॅसेट परत. म्हणजे आवाज येतो कुठून? तेच तर कळत नाही, डोकं फिरायची वेळ आली. … ऐकली की मी. ऐकली, पण घरचा टेप एवढासा, आणि या कानाला जरा कमी येतं, मशीन याच बाजूला होतं ना — कमी म्हणजे फार नाही, जरासं. छायाला विचारलं, कसला आवाज आहे गं? म्हणाली, बाहेरचा आहे, राहू द्या. मग दोन दिवसांनी तीच म्हणाली, भिंतीला काहीतरी जाड लावून बघू या का? तिनंच काढला विषय. मी काही म्हणालो नव्हतो. मंगळसूत्रात सोन्याचे मणी ओवायला ठेवलेले पैसे होते तिचे, तेच दिले काढून. म्हणून मला चुकीची वस्तू नकोय शेठ, एवढंच माझं म्हणणं आहे. चुकीची वस्तू नेली आणि पुस्तक गेलं, तर मी काय तोंड दाखवू?

कॅसेट? आहे ना, पिशवीत आहे. त्या स्टुडिओवाल्याला ऐकवायला घेतली होती, त्यानं ऐकलीच नाही. छायाला माहीत नाही मी आणली ते, कपाटात मागे ठेवली होती तिनं. तुमचा डेक चांगला दिसतोय, मोठे स्पीकर. लावा की. ते गाणं बंद करा आणि लावा, म्हणजे तुम्हीच सांगाल किती जाड घ्यावं ते. गिऱ्हाईक आलं तर थांबेल, एवढी घाई कुणाला असते गादीची? … ही बाजू. हां. अजून मोठा करा. … ही छाया. ऐका कसं वाचते. काळ्या मातीत ओलावा टिकून राहतो — एक शब्द गिळत नाही. घरात इतकं हळू बोलते, आणि इथं बघा, जणू समोर पोरं बसलीयत आणि हिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवलाय. मी कधी अशी निवांत ऐकलीच नाही हो हिला.

आला! ऐकलंत? हाच आवाज. बारकू असणार, मेथीवाला … नाही. बारकू तिकडं लांब आहे, तो तर जेमतेम कळतोय. हा दुसराच कुणीतरी आहे. मेला काय ओरडतोय, अगदी माईकसमोर आल्यासारखा — कोण आहे हा? थांबा, थांबा. जरा मागे घ्या. अजून मागे. परत लावा.

'ए बारकू, हळू, रेकॉर्डिंग चालू आहे.'

हं.

नाही, बंद नका करू. चालू राहू द्या. … पोरांना हाकलतोय. तो स्कूटरवाला. भिमाबाईंचा कुकर — कुकर ऐकूसुद्धा येत नाहीये शेठ. कुकरची शिट्टीच नाही यात. नुसता मीच. … बघा, ती थांबते. दर वेळी थांबते. माझं संपेपर्यंत थांबते आणि मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेते. काळ्या मातीत. काळ्या मातीत. काळ्या मातीत. … आत्ता काय म्हणाली? हे पुस्तकातलं नव्हतं, मध्येच काहीतरी बोलली, हळू. मला नाही आलं ऐकू. तुम्हाला आलं ना? मग सांगा की. … सांगा हो, मला वाईट नाही वाटणार.

'थांबा हं मुलांनो, आमचे हे बोलतायत, त्यांचं होऊ द्या.' असं म्हणाली? … चिडून म्हणाली का? मला शब्दच कळत नाहीत तर सूर काय कळणार, तुम्ही सांगा. चिडून? … हसून. नक्की हसून? … बरं.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या कॅसेटपासून माहीत होतं. ते ट्रे, ते बारदान, त्या शिंका, तो ओला टॉवेल — आणि मी विचारलं तर म्हणते बाहेरचा आहे. खोटं तरी कुठं बोलली? मी बाहेरच बसतो. एवढं पुस्तक हातचं जायची वेळ आली, जेवली नाही, पण मला 'गप्प बसा' म्हणाली नाही. भिंत जाड करू या म्हणाली.

काढा ती कॅसेट. द्या इकडे. … आणि फोम कापा. तो तुकड्यांचाच, दोन इंची, तिन्ही भिंतींना पुरेल एवढा. … माहीत आहे मला, नाही थांबत त्यानं, तुम्ही मघाशीच सांगितलंत. तरी कापा. रिकाम्या हातानं गेलो तर का नाही आणला ते सांगावं लागेल, आणि मग तिला कळेल की मला कळलं. मी आजच लावतो, उद्या ती वाचेल, आवाज येणार नाही, म्हणेल फोम चांगला निघाला. म्हणू दे. तुमच्या दुकानाचं नाव सांगेन मी सगळ्यांना.

फक्त एक करा. दुपारी तुमच्याकडे फारसं गिऱ्हाईक नसतं ना? जेवणं झाल्यावर, चारपर्यंत? मी इथं येऊन बसत जाईन म्हणतो. घरी सांगेन, शेठनी हिशोबाला बोलावलंय, काहीतरी काम दिलंय. काम नका देऊ, नुसतं बसू द्या, त्या काथ्याच्या गाद्यांपाशी, कोपऱ्यात. अडचण नाही होणार. तुम्ही झोपलात तरी चालेल. मी बोलणार नाही काही.

… कापा की शेठ. मी गप्प बसलोय.