अनुमोदक आहे का कुणी?

नाही, पण मी म्हणतो, हात वर करायला काय जातं हो माणसाचं? खांदा निखळतो? अहो, आमच्या सभेत लोक झोपेत हात वर करतात, झोपेत! आमचा तो नळवाला, पाईपदादा म्हणतो आम्ही त्याला, तो सभा सुरू झाली की डोळे मिटतो आणि अध्यक्षांनी 'ठराव मंजूर?' म्हटलं की मिटल्या डोळ्यांनी हात वर, मग खाली, मग पुन्हा घोरणं चालू! एकदा चहावाल्यानं 'अजून कुणाला हवाय?' विचारलं, तर तेव्हाही ह्याचा हात वर! आणि परवा... परवा मेला टक्क जागा होता. टक्क! आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला.

थांबा, असं मधूनच नको, तुम्हाला काय कळणार? मी आमच्या कामगार समितीचा चिटणीस. समिती म्हणजे काय, तर गावातल्या सगळ्या संघटनांची एक मोट बांधलीय. पावाच्या कारखान्यातले आम्ही भट्टीवाले, छापखान्यातले, शाळेतले, दवाखान्यातल्या नर्सबाया, नळवाले. महिन्यातल्या एका रविवारी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत जमायचं. मुख्य नियम एकच, पण कडक. ठराव एकानं मांडायचा, दुसऱ्या कुणीतरी उभं राहून 'माझं अनुमोदन आहे' म्हणायचं, आणि मगच मतं. अनुमोदक नाही तर ठराव नाही. चर्चासुद्धा नाही! ठराव मेला, पुढचा विषय घ्या.

पण तुम्हाला सांगतो, जगातल्या कामगारांवरून आमचं कधी म्हणजे कधी भांडण झालेलं नाही. भांडण होतं ते खोलीतल्या पंख्यावरून. पंखा कुरकुरतो. तो दुरुस्त करायचा की बदलायचा, ह्यावर आमच्यात दोन तट, आणि दोन्ही तट उन्हाळाभर घाम पुसत बसलेले! पण तेच कुठल्या लांबच्या देशात खाणकामगारांवर लाठी चालली, की काय एकी हो! कोण मांडतो, कोण अनुमोदन देतो, चढाओढ! मास्तर उपसूचना मांडणार, म्हणजे एक विशेषण वाढवणार, कारण शाळेतल्या माणसाला विशेषणाशिवाय गिळवत नाही. अध्यक्ष, छापखान्यातला जुना माणूस, माझा लंगोटीयार, तो टेबलावर मूठ आपटणार... एकमताने मंजूर! आणि खाली सायकलवाला पंप थांबवून वर बघणार, काय कोसळलं म्हणून.

आता माझा पोरगा. एकुलता एक. क्रेन चालवायचं शिकला, चांगला शिकला, आणि काम शोधायला निघाला तर जाईल तिथं तेच. कागद बघायचे, खूश व्हायचे, मग आडनावावर नजर जायची. 'त्या भट्टीवाल्यांच्या चिटणिसाचे चिरंजीव का तुम्ही? वा वा. मग... कळवतो आम्ही.' कोण कळवतंय! मी कारखान्याच्या दारात घोषणा दिल्या, त्याचा प्रतिध्वनी पोराच्या ताटात. बायको म्हणायची, 'अहो, तुमच्या नावाला गावात एवढा मान आहे, तर तो कुठं गहाण टाकता येतो का बघा.'

मग एक एजंट आला. गुळगुळीत माणूस. 'परदेशात बंदर आहे, क्रेनवर माणसं हवीत, तिकडे माणसांची फार टंचाई.' टंचाई! मी, जन्म ज्याचा संपात गेला तो मी, विचारायला नको होतं का, की बाबा रे, बंदरावरची माणसं एकदम गेली कुठं? नाही विचारलं. पोराच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू होतं हो. कोण विचारील?

गेला. आणि एका रविवारी दुपारी त्याचा फोन, चित्रासकट. बसमधून दाखवतोय. बंदराचं फाटक, आणि बाहेर ही गर्दी! झेंडे, ढोल, आरडाओरडा. आमची ही पडद्याला नाक लावून, 'अगं बाई, किती माणसं आलीत रे तुम्हाला बघायला! हात कर त्यांना, हात कर, असं तोंड फिरवून बसू नये!' आणि मी... मी बसच्या खिडक्या बघत होतो. खिडक्यांना तारेची जाळी.

'जाळी कशाला रे?' मी विचारलं.

'पक्षी फार आहेत बाबा, समुद्र ना जवळ,' म्हणाला आणि फोन ठेवला.

पक्षी! अहो, अशा जाळीच्या बसपुढं मी आयुष्यभर उभा राहिलोय. बाहेरून. आत कोण बसतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी त्यांना काय काय म्हटलंय तेही ठाऊक आहे.

आणि योग बघा, त्याच आठवड्यात समितीकडे निरोप आला, त्याच बंदरातल्या कामगारांचा. दुप्पट पाळीत एक माणूस मालाच्या पेटाऱ्याखाली चिरडला, म्हणून आम्ही काम थांबवलं, मालकानं बाहेरून माणसं आणलीत, जगभरच्या बांधवांनी आम्हाला साथ द्यावी. सोबत फोटो. फाटक, झेंडे, आणि जाळीची बस. खिडकीतले चेहरे दिसत नव्हते. मी फोटो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, चष्मा पुसला, उन्हात नेला. नाही दिसले. बरं झालं म्हणू की वाईट झालं म्हणू?

त्यांचं चुकतंय का काही? सांगा ना! त्यांचा माणूस मेलाय. मी त्यांच्या जागी असतो तर त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो असतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार न्यायची कुणाकडे?

आणि मसुदा कोण लिहिणार? चिटणीस! लिहिला. हात आपोआप चालतो हो, सवयीनं. 'ही सभा बंदर कामगारांच्या लढ्याला जाहीर पाठिंबा देते आणि भाडोत्री संपफोड्यांचा तीव्र निषेध करते.' भाडोत्री हा शब्द माझा. नेहमीचाच आहे, दर वेळी घालतो, तसाच पडला. मास्तर उठले, 'उपसूचना! भाडोत्री आणि स्वाभिमानशून्य असं म्हणावं.' वा! नर्सबाईंनी अनुमोदन दिलं. 'पोटासाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारे' असंही घाला म्हणाल्या. घातलं. पाईपदादाचा हात झोपेत वर. माझ्या मनात आलं, उठावं आणि सांगावं, अहो, त्या बसमध्ये... पण अध्यक्ष माझ्याकडेच बघत होता, सगळे माझ्याकडेच बघत होते, कारण सगळ्यांत आधी हात वर करायचा मान चिटणिसाचा. केला मी वर. काय करतो! टेबलावर मूठ... एकमताने मंजूर!

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

घरी आलो आणि पोराला फोन लावला. शब्द जुळवत होतो. 'हे बघ, तुला कदाचित माहीत नसेल, पण तिकडे संप आहे रे.'

'माहितीये बाबा.'

'माहितीये? कुणी सांगितलं?'

'सांगायला कशाला पाहिजे? दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यांची भाषा नाही कळत, पण घोषणेची चाल तीच आहे. आधी एकजण लांबवतो, मग सगळे तोडतात. तुमच्या खांद्यावर बसून मीच लांबवायचो ना?'

खांद्यावर हात गेला माझा आपोआप, अजून वजन आहे का बघायला.

'मग ते पक्षी?' मी म्हटलं.

'आईपुढं काय सांगू? दगड म्हणू?'

आणि मग माझ्यातला चिटणीस बोलला. बाप गप्प बसला आणि चिटणीस बोलला! 'अरे मग उतर ना त्या बसमधून!'

'उतरून जाऊ कुठं? पासपोर्ट एजंटनं ठेवून घेतलाय, सगळ्यांचेच. आणि तिकडे येऊन तरी काय, पुन्हा दारोदार 'त्यांचे चिरंजीव का' ऐकू? मी नाही उतरणार बाबा.' मग त्यानंच विचारलं, 'ठराव झाला असेल ना तुमचा?'

'झाला.'

'तुम्ही हात वर केलात?'

'...केला.'

'बरं केलंत. नाहीतर उद्या माझं कळलं असतं आणि तुमच्याकडे बोट दाखवलं असतं सगळ्यांनी. काय काय शब्द घातलेत?'

मी सांगितले. बाप पोराला सांगतोय हो, आम्ही तुला काय काय म्हटलं!

'स्वाभिमानशून्य मास्तरांचा ना?' असं म्हणाला आणि हसला. हसला! त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या मला.

मागं वळून बघतो तर ही दारात. सगळं ऐकलेलं. रडणं नाही, ओरडणं नाही. एवढंच विचारलं, 'भाडोत्री कुणाचा?'

'माझा,' म्हटलं.

त्या दिवसापासून अबोला. म्हणजे बोलते, पण माझ्याशी नाही. चहा झाला की कपाला सांगते. 'निव रे बाबा, पिणाऱ्याला सवड नाही, त्याला जग सुधारायचंय.' मी बाहेर पडलो की चपलांना सांगते, 'जपून ग बायांनो, ठरावात सापडाल.' एकाच घरात आम्ही दोघं, आणि संप कुणाचा, फाटक कुठलं, काही कळेना.

आणि मग काय झालं, सांगू? संप फुटला. तिकडचे कामगार हरले. गेले मान खाली घालून कामावर, मालक म्हणेल त्या अटींवर. आणि जुनी माणसं मुकाट्यानं परत आल्यावर मालकाला ही बाहेरची पोरं हवीत कशाला? दिली हाकलून. खोल्या रिकाम्या करा, चालते व्हा! एजंटचा फोन बंद, पासपोर्ट त्याच्याकडे. पोरं बंदराबाहेर एका पडक्या गोदामात पडलीत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कामगार तर थुंकतात. का नाही थुंकणार? मी थुंकलो असतो.

तर परवाच्या सभेत मी उभा राहिलो. खिशातून कागद नाही काढला, तोंडीच मांडला. 'ही सभा त्या बंदरातल्या बांधवांना विनंती करते की गोदामातल्या पोरांना त्यांचे पासपोर्ट मिळवून द्यायला हात द्यावा, कारण तीही कामगारच आहेत.' आणि म्हटलं, 'त्यात एक माझा आहे.'

पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

अध्यक्ष म्हणाला, 'ठरावाला... अनुमोदक?'

कुणी हलेना. मास्तर चष्म्याची काच पुसायला लागले, पुसलेलीच परत पुसायला लागले. 'चिटणीस, व्यक्तिशः मला फार वाईट वाटतं हो, पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे. त्या लोकांना आपण काय तोंडानं लिहायचं?' नर्सबाई पदरानं डोळे पुसत होत्या, खरंच पुसत होत्या, पण उठल्या नाहीत. 'आपणच मागं काय म्हटलंय ते आठवा ना दादा,' म्हणाल्या. मला आठवायला सांगतात! आणि पाईपदादा जागा. हात मांडीखाली.

मी अध्यक्षाकडे बघितलं. त्यानं हळूच मान हलवली. अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही. नियम आहे. नियम मीच लिहिलेत.

'अनुमोदक आहे का कुणी?' त्यानं परत विचारलं. मायेपोटी विचारलं हो, एकदाच विचारायचं असतं.

'माझं आहे अनुमोदन.'

दारातून आवाज. बघतो तर ही! आमची ही! एवढ्या वर्षांत तो जिना कधी चढली नव्हती. धापा टाकतेय, चौकट धरून उभी आहे.

अध्यक्ष खुर्चीतून उठलाच. 'वहिनी... तुम्ही... म्हणजे नियमाप्रमाणे विचारतो हं, तुम्ही कुठल्या संघटनेच्या प्रतिनिधी?'

'ह्यांच्या घरच्या.'

'तशी संघटना नोंदलेली नाही हो वहिनी.'

'मग नोंदवा. मी बसते तोवर.'

मास्तर 'हरकतीचा मुद्दा' म्हणून अर्धे उठले, आणि तिनं नुसतं बघितलं त्यांच्याकडे, तर खाली बसले. अध्यक्ष उभाच. त्याच्या मांडीवर वाढलंय हो आमचं पोरगं. पण काय करतो बिचारा? म्हणाला, 'अनुमोदकाअभावी ठराव बारगळला.' मूठसुद्धा आपटली नाही. आणि घाईघाईनं, 'पुढचा विषय, पंखा. दुरुस्त करावा?' तर काय सांगू तुम्हाला, सगळ्यांचे हात धाडकन वर! उन्हाळ्यामागून उन्हाळे ज्याच्यावरून भांडलो त्या पंख्यावर! पाईपदादाचे तर दोन्ही वर! एकमताने मंजूर!

जिना उतरलो. ती पुढं, मी मागं. पोरगा अजून तिथंच आहे, त्या गोदामात. मी इकडेतिकडे चिठ्ठ्या पाठवतोय, माझ्या एकट्याच्या सहीनं, आणि एकट्या माणसाच्या सहीला कोण विचारतं हे मीच लोकांना जन्मभर शिकवलंय. कोपऱ्यापर्यंत ती पुढंच चालत राहिली. मग थांबली. कपाला नाही, चपलांना नाही, सरळ मला म्हणाली, 'मला मत नाही म्हणे.'

म्हटलं, 'नियम आहे ग.'

तर म्हणते, 'तुम्हाला होतं ना? त्याचं काय केलंत?'

आता बोला. ह्याला काय उपसूचना मांडणार?